बोटभर शिपाई

दिवाळीच्या सुटींत महाराष्ट्रांतील घरांच्या अंगणांत, वाड्यांच्या चौकांत आणि शहरांतील इमारतींच्या आवारांत दगडमातीचे किल्ले उभे राहतात. बुरूज होतात, पायऱ्या होतात, आळीव पेरून तटाखालीं हिरवळ उगवविली जाते. आणि मग किल्ल्यावर शिबंदी बसविण्याची वेळ येते. सिंहासनावर महाराज बसतात, दरवाज्याशीं मातीचे मावळे पहारा देतात. पण मावळे नेहमींच अपुरे पडतात. मग खेळण्यांच्या पेटींतून खाकी गणवेषांतले, गुडघा टेकून बंदूक रोखलेले प्लॅस्टिकचे शिपाई बाहेर येतात आणि तटावर जाऊन उभे राहतात. घरांतील एखादे आजोबा विचारतात, "काय रे, महाराजांच्या गडावर हा पाहुणा कोठून आला?" मुलगा क्षणभर ओशाळतो. पण तो हुषार असला तर ओल्या मातीची पगडी करून शिपायाच्या लोखंडी टोपावर बसवितो, बंदुकीच्या जागीं झाडूची काडी चिकटवून तिचा भाला करतो, आणि खाकी रंगावर पांढऱ्या रंगाचा हात देतो. पाहुणा गडाचा चाकर होतो.

त्या मुलाला ठाऊक नसतें कीं, इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स, अमेरिका अशा देशांतून हजारों प्रौढ माणसें नेमकें हेंच काम वर्षानुवर्षें, डोळ्यांना भिंग लावून, करीत आलेलीं आहेत. बोटाएवढ्या उंचीचे शिपाई जमवावयाचे, हव्या त्या पलटणीचे शिपाई मिळत नसतील तर मिळतील त्यांना कापून, वाकवून, भर घालून नवें रूप द्यावयाचें, ते रंगवावयाचे, आणि टेबलावर टेकड्या, ओढे व गांवें मांडून त्यांच्याकडून जुन्या लढाया पुन्हां लढवावयाच्या, असा हा छंद आहे. वरवर पाहतां हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. परंतु शिपायाला कोणता कोट चढवावयाचा आणि त्याला टेबलावर कोठें उभा करावयाचा, हे दोन प्रश्न विचारतांच छंदी माणूस इतिहासाच्या दारांत येऊन पोंचतो; आणि तेथें खऱ्याखोट्याचा निवाडा त्याला चुकवितां येत नाहीं.

ह्या शिपायांचा पूर्ववृत्तांत मोठा मनोरंजक आहे. जर्मनींतील न्यूरेंबर्ग हें शहर खेळण्यांसाठीं फार दिवसांपासून प्रसिद्ध. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील योहान गोटफ्रीड हिल्पर्ट नांवाच्या कारागिरानें कथलाचे चपटे शिपाई ओतून नांवलौकिक मिळविला. १८३९ सालीं त्याच नगरांत अर्न्स्ट हाइन्रिक्सन ह्यानें आपला कारखाना काढला, आणि त्याच्या शिपायांची सुमारें ३० मिलिमीटर ही उंची पुढें त्या धंद्यांतलें प्रमाणभूत माप ठरली. हे शिपाई बाजूनें पाहिले तर सुरेख, समोरून पाहिले तर रेघेएवढे! इंग्लंडांत १८९३ सालीं विल्यम ब्रिटन ह्याच्या घराण्यानें पोकळ ओतकामाची युक्ति बाजारांत आणली. वितळलेलें शिसें साच्यांत ओतावयाचें, आणि साच्याला लागून त्याची साल धरतांच आंतला रस परत बाहेर काढावयाचा. त्यामुळें शिसें वांचलें, किंमत उतरली, आणि ५४ मिलिमीटर उंचीचा भरीव दिसणारा शिपाई सामान्य घरांतील मुलाच्याहि आटोक्यांत आला.

युद्धाचा खेळ मात्र निराळ्या वाटेनें आला. प्रशियाच्या सैन्यांतील रायस्विट्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें, आपल्या वडिलांच्या कल्पनेंत सुधारणा करून, नकाशा, फांसे आणि मोजपट्टी ह्यांच्या साहाय्यानें खेळावयाचा एक डाव १८२४ सालीं सेनाप्रमुख म्युफ्लिंग ह्यांच्यापुढें मांडला. हा नुसता खेळ नसून युद्धाची शाळा आहे, असें त्या अनुभवी सेनानीचें मत पडलें आणि सैन्यांत त्याचा प्रसार झाला. पण त्या डावांत शिपाई नव्हते. दोन्ही पक्षांचे रंगीत ठोकळे होते. सेनापतीला ठोकळा पुरतो. त्याला पलटणीची लांबीरुंदी हवी असते, शिपायाचा चेहरा नको असतो. १९१३ सालीं प्रसिद्ध लेखक एच्. जी. वेल्स ह्यांनीं 'लिटल वॉर्स' हें छोटेंसें पुस्तक लिहिलें, त्यांत खेळण्यांतले शिपाई आणि लाकडी गोळी उडविणारी स्प्रिंगची तोफ घेऊन जमिनीवर लढाई कशी खेळावी ह्याचे नियम सांगितले, आणि न्यूरेंबर्गचा शिपाई व प्रशियाचा डाव ह्यांची अशा रीतीनें घरगुती गांठ पडली.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. कारखानदार जें खपतें तेंच ओततो. राजाचे रक्षक, बँडवाले, लाल कोटाचे भालाईत ह्यांना गिऱ्हाईक असतें. पण विस्मृतींत गेलेल्या एखाद्या पलटणीला कोण विचारतो? एअरफिक्स ह्या इंग्रजी कंपनीनें १९५९ पासून सुमारें २० ते २५ मिलिमीटर उंचीचे मऊ प्लॅस्टिकचे शिपाई लहान खोक्यांतून, अल्प किंमतींत विकावयास आरंभ केला, आणि १९६२ मध्यें डोनाल्ड फेदरस्टोन ह्यांच्या 'वॉर गेम्स' ह्या पुस्तकानें ह्या छंदाला घरोघर नेलें. स्वस्त शिपाई आले, खेळाडू वाढले. परंतु खोक्यांत जे निघत ते अमेरिकन यादवी युद्धाचे, फ्रेंचांच्या परकीय पलटणीचे, नाहीं तर रॉबिन हूडचे सोबती! नेपोलियनच्या लढाया खेळूं इच्छिणाऱ्यानें काय करावें? त्यानें सुरी हातांत घेतली. लांब डगल्याच्या शिपायाची टोपी उडवून उंच नळकांडी टोपी बसविली, दाढी खरवडली, पाठीवर पडशी चढविली, आणि एकाच खोक्यांतून दोन शतकांतल्या सेना उभ्या केल्या. रूपांतराची कला ही अशी गरजेच्या पोटीं जन्मली.

ह्या कलेचीं हत्यारें थोडीं असतात. पातळ पात्याची सुरी, बारीक कानस, हातानें फिरविण्याचें बारीक गिरमिट, पकड, टाचण्या आणि पितळी तार. पहिला प्रकार वाकविण्याचा. धातूचा हात बोटांनीं हळूहळू वळवितात. घाई केली तर तो खांद्यांत मोडतो. प्लॅस्टिकचा हात गरम पाण्यांत धरून वाकवितात व लागलीच थंड पाण्यांत बुडवितात. दुसरा प्रकार डोकें बदलण्याचा. दोन शिपायांच्या माना सपाट कापावयाच्या, धडांत आणि डोक्यांत सारख्या जाडीचें छिद्र पाडावयाचें, मधें टाचणीचा तुकडा घालून दोन्ही जोडावयाचीं. नुसत्या डिंकावर बसविलेलें डोकें खेळाच्या धांदलींत पहिल्याच दिवशीं पडतें. टाचणीवर बसविलेलें वर्षानुवर्षें टिकतें. मान जराशी फिरवून बसविली तर एकाच साच्यांतून निघालेले वीस शिपाई वीस निरनिराळ्या माणसांसारखे दिसूं लागतात. तिसरा प्रकार भर घालण्याचा. पूर्वीं मेण, डाख आणि सरसांत भिजविलेला कागद वापरीत. आतां दोन रंगांच्या दोन वळ्या मळून तयार होणारी हिरवट लुकण सर्वत्र चालते. ती मळल्यावर तास-दीड तास लवचिक राहते व मग दगडासारखी घट्ट होते. हत्यार पाण्यांत बुडवून घेतलें म्हणजे ती चिकटत नाहीं. तिचा दोऱ्याएवढा पीळ करून डोक्याभोंवतीं गुंडाळला कीं पगडी होते. पातळ पट्टी कापून खांद्यावरून सोडली कीं काडतुसांचा पट्टा होतो. तारेचें टोंक ठोकून चपटें केलें कीं भाल्याचें पातें. एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी लागते. जुने शिपाई शिशाचे असतात आणि शिसें विषारी आहे. त्याचा कीस श्वासांत जाऊं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावा, आणि काम संपतांच हात धुवावे. लहान मुलांच्या हातीं तर ते मुळींच देऊं नयेत. ह्याच कारणास्तव इंग्लंडांत शिशाच्या खेळण्यांचें युग १९६६ च्या सुमारास संपलें.

घडण झाली म्हणजे रंग. प्रथम साबणाच्या पाण्यानें शिपाई धुवावयाचा, कारण साच्याचें तेल अंगावर राहिलें तर रंग धरत नाहीं. मऊ प्लॅस्टिकवर तर वाळलेला रंग शिपाई वाकतांच पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून त्यावर आधीं पातळ सरसाचा हात देतात. नंतर अस्तर. पांढऱ्या अस्तरावर रंग उजळ दिसतात, काळ्यावर गडद. पण काळें अस्तर पट्ट्यांच्या व बाह्यांच्या कडांशीं आपोआप सावली सोडतें, म्हणून मोठी फौज रंगविणारे तेंच पसंत करतात. एकेक शिपाई पुरा करण्यापेक्षां वीस शिपायांना ओळीनें एकच रंग द्यावयाचा, आधीं सर्वांचे कोट, मग सर्वांच्या विजारी, ह्या पद्धतीनें काम लौकर उरकतें आणि पलटणीला पलटणीचें रूप येतें.

परंतु रंगकामाचें मर्म वेगळेंच आहे. २८ मिलिमीटरांचा शिपाई म्हणजे खऱ्या माणसाचा सुमारें साठावा हिस्सा. टेबलापाशीं उभ्या असलेल्या खेळाडूपासून तो ३ फुटांवर असला, तर खरा माणूस १८० फुटांवरून जेवढा दिसेल तेवढाच तो दिसावयास हवा. एवढ्या अंतरावरून कोणाच्या डोळ्यांचें पांढरें बुबुळापासून वेगळें दिसतें? कोणाची गुंडी मोजतां येते? म्हणून नवशिका डोळे वटारलेले, चकचकीत गुंड्यांचे शिपाई रंगवितो, आणि जाणता कारागीर डोळ्यांच्या जागीं नुसती सावली ठेवतो. त्याचप्रमाणें निव्वळ काळा रंग तो वापरीत नाहीं, कारण लांबून पाहिलेलें काळें कापड राखी दिसतें. निव्वळ लाल वापरीत नाहीं, कारण मोहिमेच्या उन्हापावसांत कोणताच लाल कोट लाल राहत नाहीं. मात्र एवढ्या लहान अंगावर घडीची सावली पुरेशी पडत नाहीं. तेव्हां ती रंगानें घालावी लागते. खोलगट भागांत पातळ गडद रंग सोडावयाचा, उंचवट्यांवर फिका रंग कोरड्या कुंचल्यानें फिरवावयाचा. शेवटीं झळाळी न येणारें रोगण द्यावयाचें, कारण खेळणाऱ्यांचीं बोटें शत्रूच्या गोळ्यांपेक्षां अधिक झीज करतात!

हें सर्व साधलें तरी मूळ प्रश्न राहतोच. कोट कोणता? येथें महाराष्ट्राच्या इतिहासांतील एका लढाईचें उदाहरण घेणें उचित होईल, कारण तीहि पाश्चात्य छंदी मंडळींच्या टेबलांवर मांडली जाते. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, आज जालना जिल्ह्यांत असलेल्या असई गांवापाशीं, केळणा व जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यांत, दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले ह्यांच्या फौजेशीं आर्थर वेलस्ली ह्याची गांठ पडली. मराठी फौज म्हटली कीं परदेशी खेळाडूच्या, आणि कित्येकदां देशी वाचकाच्याहि, डोळ्यांपुढें भाला घेऊन दौडणारा स्वार येतो. तो स्वार खरा आहे. परंतु असईची लढाई त्यानें लढली नाहीं. ती लढली शिंद्यांच्या कवायती पायदळानें आणि तोफखान्यानें. महादजी शिंद्यांनीं द बॉयन्य ह्या सरदाराकडून ह्या पलटणींचा पाया घालविला होता, आणि असईला त्यांतील एका मोठ्या भागाची सूत्रें पोलमन ह्या हानोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होतीं. वेलस्लीनें केळणा ओलांडून बगलेवर येण्याचा डाव टाकला, तेव्हां ह्या पलटणींनीं शत्रूच्या डोळ्यांदेखत आपली सर्व आघाडी काटकोनांत फिरवून त्याच्यासमोर पुन्हां ओळ धरली. असली हालचाल विस्कळित जमावाकडून होत नसते. गोलंदाज तर तोफांपाशींच पडून राहिले. इंग्रजांची ओळ पुढें निघून जातांच त्यांतले कित्येक उठले आणि त्यांनीं त्याच तोफा फिरवून मागून मारा केला. इंग्रज विजयी झाले, पण त्यांचे सुमारें १,६०० लोक मेले अथवा जखमी झाले, आणि वॉटर्लूच्या विजेत्यानें उतारवयांतहि असईला आपल्या सर्व लढायांत वरचें स्थान दिलें.

आतां ही लढाई मांडणारा खेळाडू शिंद्यांच्या बाजूला नुसते भालाईत स्वार आणि ढालतलवारवाले उभे करील, तर त्याचा खेळ पहिल्या घटकेंत संपेल आणि पाहणाऱ्यांच्या मनांत एक असत्य पक्कें होईल. म्हणून जाणता खेळाडू कंपनीच्या शिपायाची पुतळी घेतो. कवाईत तीच, चकमकीची बंदूक तीच, आडवे पट्टे तेच. त्या पुतळीवरील कंपनीचें ठराविक शिरोवेष्टण तो कानशीनें घासून टाकतो, लुकणीचा पीळ घेऊन तेथें पगडी बांधतो, आणि वीस-पंचवीस जणांची सरळ, खांद्याला खांदा लावलेली ओळ उभी करतो. तोफांपाशीं गोलंदाज ठेवतो, तेहि दोन प्रकारचे: कांहीं उभे, कांहीं आडवे पडलेले, कारण आडवा पडलेला प्रत्येक जण मेलेला नव्हता. एवढ्या लहानशा रूपांतरानें त्या टेबलावरील पराभूत पक्षाला त्याची शिस्त आणि त्याचें शौर्य परत मिळतें. लांबलचक प्रबंध जें सांगतो, तें बोटभर पगडी एका दृष्टिक्षेपांत सांगून जाते.

दुसरा प्रश्न उभें राहण्याच्या जागेचा. आणि त्यापायीं एका मनुष्याचें सारें आयुष्य कसें खर्ची पडलें, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. विल्यम सायबोर्न ह्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याकडे १८३० सालीं वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृति तयार करण्याचें काम आलें. तो आठ महिने रणांगणावरील ला हे सांत ह्या वाडींत जाऊन राहिला आणि त्यानें जमिनीचा कण न् कण मोजला. मैलाला ९ फूट ह्या प्रमाणानें त्यानें ती भूमि उभारली, आणि तींवर ७०,००० हून अधिक चिमुकले धातूचे शिपाई मांडले. पण शिपाई कोठें मांडावयाचे? त्यानें लढाईंतून वांचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रें धाडलीं: संध्याकाळीं सातच्या सुमारास आपली तुकडी नेमकी कोठें होती? समोर कोण होतें? शेतांत पीक कोणतें होतें? शेंकडों उत्तरें आलीं. त्यांवरून त्याच्या ध्यानांत आलें कीं, त्या घटकेला प्रशियन सैन्य रणांगणावर बऱ्याच आंतपर्यंत येऊन पोंचलें होतें, म्हणजेच विजयांत त्यांचा वांटा मोठा होता. त्याप्रमाणें त्यानें प्रशियन शिपाई मांडले.

हें वेलिंग्टनच्या गोटांत रुचलें नाहीं. दरम्यान १८३३ सालीं सरकारी पैसाहि थांबला. सायबोर्ननें कर्ज काढून काम पुरें केलें. १८३८ मध्यें लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्यें प्रतिकृतीचें प्रदर्शन झालें. प्रेक्षकांची रीघ लागली, पण त्याचें ऋण फिटलें नाहीं. अखेर टीकेपुढें मान तुकवून त्यानें प्रशियन शिपाई बऱ्याच संख्येनें उचलून घेतले. १८४९ सालीं तो वारला. त्याची ती प्रतिकृति लंडनच्या राष्ट्रीय सैन्य-संग्रहालयांत आहे. आणि प्रशियनांच्या स्थानाविषयींचा वाद आजहि इतिहासकारांत रंगतो. बोटाच्या पेराएवढे कांहीं शिपाई टेबलावर ठेवावे कीं उचलावे, एवढ्यावर एका राष्ट्राचा अभिमान अडून बसला होता! खेळणें एवढें क्षुल्लक असतें, तर त्याची एवढी धास्ती कोणी घेतली नसती.

कोणी विचारील कीं, माणसें मारण्याचा खेळ सज्जनांनीं खेळावा तरी कां? ह्या प्रश्नाला वेल्सनें आपल्या त्या पुस्तकांतच उत्तर देऊन ठेवलें आहे. त्याच्या मतें हा लहानसा खेळ चार वेळां खेळून पाहिला, तरी खरें युद्ध किती गोंधळाचें व मूर्खपणाचें असतें, हें कोणाच्याहि ध्यानांत यावें. पुस्तक निघाल्यावर एका वर्षानें, १९१४ सालीं, खरें महायुद्ध पेटलें. तें वाचून कोणी शहाणें झालेलें दिसलें नाहीं. तरीहि त्या विचारांतलें सत्य कमी होत नाहीं. ज्यानें एकेका शिपायाची मान जुळविली, पगडी बांधली, चेहऱ्यावर सावली घातली, त्याला फांशाच्या एका दानानें वीस शिपाई आडवे होतांना पाहून हुरहूर लागतेच. नकाशावरील ठोकळा पडला तर कोणी हळहळत नाहीं. टेबलावरचे शिपाई रात्रीं उचलून पेटींत ठेवतां येतात आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां उभे करतां येतात. असईच्या शेतांत पडलेल्यांना ती सोय नव्हती.

म्हणून पुढच्या दिवाळींत किल्ल्याच्या तटावर खाकी शिपाई दिसला तर त्याला रागानें उचलून टाकूं नये. घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलाजवळ बसावें, आणि गडावर त्या काळीं कोण असत, त्यांच्या डोक्याला काय असे, हातांत काय असे, ते कोठें उभे राहत, हें त्याला विचारावें. उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनीं मिळून शोधावें. मग ओल्या मातीचा एक पीळ, झाडूची एक काडी आणि रंगाचा एक हात पुरे होतो.